पाकोळीला वळण हवे

वाशीम जिल्ह्यात कोणाच्या दारात नवी मोटार उभी राहिली, की पेढा तोंडात पडण्याआधीच एक प्रश्न येतो : "ॲव्हरेज किती देते?" लग्नाच्या बैठकीत मुलाचा पगार विचारावा, तितक्याच सहजपणे आणि तितक्याच गांभीर्याने हा प्रश्न विचारला जातो. रंग कोणता, हप्ता किती, गादी कशी, हे सारे मागाहून. एका लिटर तेलात किती किलोमीटर, हा आकडा मनाजोगता निघाला म्हणजे पाहुणा मान डोलावतो आणि मगच मोटारीभोवती एक प्रदक्षिणा घालतो.

यात हसण्यासारखे काही नाही. आमचा मुलूख सोयाबीन आणि तुरीवर जगणारा. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा निघालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा अजूनही वाहनाकडे बैलजोडीच्याच नजरेने पाहतो. खाते किती आणि काम किती करते, एवढेच पाहायचे. पण याच हिशेबी मुलखात एका मोटारीचे मालक जरा वेगळे बोलताना आढळतात. त्यांना ॲव्हरेज विचारा, ते सांगतील. पण सांगून थांबणार नाहीत. "ते ठीक आहे सर, पण तुम्ही एकदा चालवून पाहा," असे म्हणून ते किल्लीच पुढे करतील. आपल्या वस्तूचा उपयोग सांगणारे लोक पुष्कळ भेटतात. उपयोगापलीकडचे सुख सांगणारे क्वचित. म्हणून गेली दहा-बारा वर्षे मला या मंडळींशी बोलण्याचा छंद लागला आहे. स्वतःजवळ दुचाकीखेरीज वाहन नसल्यामुळे या विषयात मी बराच निःपक्षपाती आहे, हाही एक फायदा.

ती मोटार म्हणजे मारुतीची स्विफ्ट. नावाची गंमत पाहा. मारुती हा वायुपुत्र. आमच्याकडे एकही गाव असे नाही, की जिथे पाराजवळ शेंदूर माखलेला तो उभा नाही. आणि स्विफ्ट या इंग्रजी शब्दाचे अर्थ दोन : एक चपळ, आणि दुसरा, आपल्या जुन्या वाड्यांच्या, देवळांच्या छताला पिसांची घरटी करून राहणारी पाकोळी. पाकोळी तुम्ही संध्याकाळी पाहिली असेल. तिला सरळ उडताना फारसे कोणी पाहत नाही. ती गिरकी घेते, एकदम खाली येते, भिंतीला धडकणार असे वाटते तोच हलकेच वळून निघून जाते. तिचे पाय इतके आखूड, की जमिनीवर तिला धड चालताही येत नाही; खाणे-पिणे सारे उडता उडता. मोटारीला हे नाव देताना कंपनीच्या मनात पाकोळी होती की नुसती चपळाई होती, हा वाद मी पंडितांवर सोपवतो. पण मालकांचे अनुभव ऐकताना मला सारखी पाकोळीच आठवते, आणि पुढे जे सांगायचे आहे, ते तिच्याच संबंधात आहे.

जाहिरातीत या जातीच्या गाडीला 'स्पोर्टी' म्हणतात. मराठीचा मास्तर असल्यामुळे या शब्दाला प्रतिशब्द शोधण्याचा चाळा मी काही दिवस केला. 'खेळकर' म्हणावे तर तो शब्द लेकरांसाठी राखून ठेवलेला. 'क्रीडाप्रवण' म्हटले, तर मोटार सुरूच व्हायची नाही. अखेर हा प्रश्न मंगरूळपीरच्या बाजारात एका शेतकऱ्याने सोडवला. त्याच्या मुलाने जुनी स्विफ्ट घेतली होती. तिच्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "पटाचा बैल हाय हा, गुर्जी. पयते लय. पण वखरालेही चालते."

शहरातल्या वाचकांसाठी थोडा खुलासा करतो. विदर्भात बैलांच्या शर्यतीला शंकरपट म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये या शर्यती बंद केल्या होत्या, २०२३ च्या मे महिन्यात त्यांना अंतिम मान्यता मिळाली. पटाचे बैल वेगळे आणि वखराचे वेगळे. पटाच्या जोडीला खुराक द्यायचा, चोळायचे, मिरवायचे. शेतीच्या कामाला सहसा जुंपायचे नाही. दोन्ही कामे करणारा बैल परवडतो आणि शिवाय पळतो, हे सुख दुर्मीळ. 'परवडणारी आणि चपळ' या दोन विशेषणांत जो झगडा आहे, तो त्या शेतकऱ्याने एका वाक्यात मिटवला.

हे सुख आपल्या मध्यमवर्गाला पूर्वी अगदीच ठाऊक नव्हते, असे नाही. आमच्या आजोबांच्या काळी मोटार म्हणजे अँबॅसडर किंवा फियाट, आणि तीही नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर. त्यातच १९६१ मध्ये मद्रासच्या कारखान्यातून स्टँडर्ड हेराल्ड नावाची एक नखरेल बाई रस्त्यावर आली. मिकेलोत्ती नावाच्या इटालियन कलावंताने तिचे रूप रेखाटले होते. सुरुवातीला दारे दोनच, इंजिनावरचे झाकण सबंधच्या सबंध पुढे उलटणारे, आणि वळायला इतकी कमी जागा लागायची, की अरुंद गल्लीतही ती एका दमात तोंड फिरवी. १९७१ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले आणि पुढली कित्येक वर्षे मोटार पुन्हा केवळ गरजेची वस्तू झाली. १४ डिसेंबर १९८३ ला मारुती ८०० आली आणि तिने मध्यमवर्गाला चाके दिली. १९९३ मध्ये झेन आली, तिने त्या चाकांना थोडी मस्ती दिली. आणि मे २००५ मध्ये स्विफ्ट आली.

तिचा पहिला नमुना २००२ साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला होता. भारतात आली तेव्हा तेराशे सीसीचे, ८७ अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन, लांबी ३६९५ मिलिमीटर, वजन हजार किलोंच्या आसपास, आणि किंमत चार लाखांच्या आगेमागे. आकडे रुक्ष असतात. पण यातले शेवटचे तीन एकत्र वाचावेत. आखूड अंग, हलके वजन, आणि चारही चाके पार कोपऱ्यांशी नेऊन बसवलेली. नाक पुढे लोंबत नाही, शेपूट मागे रेंगाळत नाही. वळणावर चक्र फिरवले, की सबंध गाडी एकदमच वळते. मालक लोक जिला 'मजा' म्हणतात, ती या बांध्यात आहे. इंजिनाचा वाटा त्यात दुसरा.

२००७ मध्ये दोन गोष्टी घडल्या. पेर-गुन्नार अँडरसन या स्वीडिश चालकाने स्विफ्ट हाकून जागतिक रॅलीच्या कनिष्ठ गटाचे अजिंक्यपद मिळवले. वाशीममध्ये ही वार्ता कोणाला कळली असेल, असे वाटत नाही. दुसरी गोष्ट मात्र सर्वांना कळली : त्याच वर्षाच्या आरंभी स्विफ्ट डिझेलवर मिळू लागली. तेव्हा डिझेल सरकारी आधारामुळे पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असे. 'ॲव्हरेज किती'चे उत्तर एकदम खणखणीत झाले, आणि मग काय, मास्तर, डॉक्टर, अडते, ठेकेदार, ज्याच्या त्याच्या तोंडी स्विफ्ट. हे इंजिन मूळ इटलीच्या फियाटचे, तेराशे सीसीचेच, ७५ अश्वशक्तीचे. पुढे इतक्या कंपन्यांनी ते वापरले, की लोक गमतीने त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत.

रिसोडच्या एका माध्यमिक शिक्षकांनी अशी एक २००७ ची डिझेल गाडी चार वर्षे वापरलेली घेतली. माझ्या माहितीतले हे सर्वांत बोलके मालक. ते गणित शिकवतात, त्यामुळे मोटारीबद्दलही प्रमेय मांडल्यासारखे बोलतात. त्यांचे पहिले प्रमेय असे : "हे इंजिन दोन हजार फेऱ्यांच्या खाली झोपलेले असते आणि दोन हजारांवर त्याला घरी पाहुणे आल्यासारखे होते." याचे कारण त्यातला टर्बो. बाहेर जाणाऱ्या धुराच्याच जोरावर एक चक्की फिरते आणि ती जास्तीची हवा इंजिनात कोंबते. धूर पुरेसा नसला, की चक्की मंद. आणि गाडी चढावर कण्हते. म्हणून गिअर अगदी वेळेवर खाली टाकला पाहिजे, थोडा आधीच, वळण येण्याच्या आत. उशीर झाला, की मागचा ट्रक भोंगा वाजवतो आणि शेजारी बसलेली पत्नी काही न बोलता खिडकीबाहेर पाहू लागते.

२०१२ च्या श्रावणात ते मला अकोल्याला घेऊन गेले होते. वाशीम ते अकोला सुमारे ऐंशी किलोमीटर. मालेगाव सोडले, मेडशी आली, आणि पुढे पातूरचा घाट. तेव्हा रस्ता अरुंद होता, डोंगर हिरवागार, पावसाची भुरभुर. घाट सुरू होताच मास्तरांचे बोलणे बंद झाले. दोन्ही हात चक्रावर, नजर वळणाच्या पलीकडच्या टोकावर. तिसऱ्यातून दुसऱ्यात, वळण, पुन्हा तिसरा. ब्रेकला पाय लागतो न लागतो. काट्याकडे मी मुद्दाम पाहिले. पन्नासाच्या वर तो एकदाही गेला नाही. तरी त्या वीस मिनिटांत मला जो उल्हास वाटला, तो पुढे सपाटीवर नव्वदला लागल्यावर वाटला नाही. पातूरला चहासाठी उतरलो, तेव्हा मास्तरांचा चेहरा वर्गातला एखादा मठ्ठ मुलगा अचानक बरोबर उत्तर देऊन गेल्यासारखा फुलला होता.

त्यांनी चहाच्या टपरीवर दुसरे प्रमेय सांगितले : "सर, वेग आणि चपळाई या दोन वेगळ्या राशी आहेत. यांची बेरीज करायची नसते."

हे वाक्य त्या वेळी मला नुसतेच सुंदर वाटले होते.

आता या गाडीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण मालकांच्या बायका वाचक आहेत. पहिल्या स्विफ्टच्या डिक्कीत २३२ लिटर सामान मावे. २०११ च्या दुसऱ्या पिढीत गाडी लांब झाली आणि डिक्की मात्र २०४ लिटरवर आली. कंपनीचा हा हिशेब मला अजून उलगडलेला नाही. तुरीच्या डाळीचा एक कट्टा, फराळाचे दोन डबे आणि एक सुटकेस म्हटले, की संपले. दिवाळीला माहेरी निघालेली एखादी गृहिणी डाळीचा कट्टा पायाशी घेऊन बसलेली दिसली, तर ती गाडी बहुधा हीच असते. २०१८ च्या तिसऱ्या पिढीत डिक्की २६८ लिटरची झाली, तेव्हा कुठे कट्टा आपल्या जागी गेला. मागच्या बाकाची तक्रार म्हाताऱ्या माणसांकडून येते : काच वर चढत गेलेली, पुढच्या गादीची पाठ उंच, त्यामुळे बाहेरचे काही दिसत नाही. एका आजीबाईंचे म्हणणे मी ऐकले आहे : "रस्ता पोराले दिसते, मले नुसतं त्याचं डोक्सं दिसते." थोडक्यात, या गाडीतले सुख पुढच्या उजव्या बाजूला बसणाऱ्याच्या वाट्याला जास्त येते. पटाच्या बैलाचे तरी दुसरे काय असते? मजा हाकणाऱ्याची, धूळ पाहणाऱ्यांची.

सुदैवाने आता पुढच्या उजव्या बाजूला केवळ पुरुषच बसत नाहीत. मंगरूळपीरच्या एका बँकेत काम करणाऱ्या बाई तिसऱ्या पिढीतली पेट्रोल स्विफ्ट घेऊन रोज वाशीमहून ये-जा करतात. ही पिढी अंगाने हलकी, वजन पावणेनऊशे किलोंच्या आत-बाहेर. बिनक्लचची गाडी मिळत असताना त्यांनी मुद्दाम हाताने गिअर टाकण्याची घेतली. कारण विचारले, तर म्हणाल्या, दिवसभर दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब यंत्र करते, निदान येता-जाता काहीतरी माझ्या हाताने व्हावे. पावसाळ्यात रस्त्यावर बसलेली गुरे, दिवाळीच्या आधी कडेला वाळत घातलेले सोयाबीन, अंधार पडला की शेतातून एकदम रस्त्यावर येणारे रोही, या सगळ्यांतून त्या गाडी काढतात. रोही म्हणजे नीलगाय. अंगाने घोड्याएवढी, आणि हलक्या मोटारीसमोर ती आली, तर नुकसान दोघांचेही. बाई सांगत होत्या, की अशा वेळी त्यांना गाडीची खरी किंमत कळते. ती किती धावते यावरून नव्हे. किती लवकर थांबते आणि किती कमी जागेतून निसटते यावरून. मास्तरांच्या दुसऱ्या प्रमेयाची ही सिद्धता त्यांनी न शिकता दिली.

आणि आता समृद्धी महामार्ग.

नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा रस्ता दहा जिल्ह्यांतून जातो. त्यातले जवळजवळ शंभर किलोमीटर आमच्या जिल्ह्यात, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून. ११ डिसेंबर २०२२ रोजी नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, आणि ५ जून २०२५ ला इगतपुरीपुढचा शेवटचा तुकडाही. या रस्त्याने जिल्ह्याचे फार भले केले आहे. नागपूरच्या मोठ्या इस्पितळात रोगी वेळेत पोचतो, हे एकच कारण पुरे. सहा पदरी, आडवा रस्ता नाही, गुरे नाहीत, दुचाकीला मज्जाव. सपाटीवर मोटारीला ताशी १२० किलोमीटरची परवानगी. कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या परिसरातून जाताना मोटारीत बसलेल्याला काळवीट काही दिसत नाही, कारण तेवढ्यात परिसर संपलेला असतो.

पण वळण नाही. आहेत ती इतकी लांबरुंद, की चक्र फिरवले आहे हे हाताला कळत नाही. पाचव्या गिअरमध्ये गाडी टाकायची आणि बसून राहायचे. ज्या गाडीचा सारा जीव वळणात, तिच्यावर अशा रस्त्यावर काय वेळ येते? तिच्या मालकाला काहीच करायला उरत नाही. आणि काही करायला नसलेला चपळ गाडीचा मालक एकच गोष्ट करू शकतो. तो पाय दाबतो.

वाशीमच्या जिल्हा परिषदेत लेखा विभागात काम केलेले एक गृहस्थ आमच्या शेजारी राहतात. मुलगा नागपूरला नोकरीला. त्याच्या हट्टाने २०२१ मध्ये पेट्रोल स्विफ्ट घेतली. कागद बापाच्या नावावर, किल्ली मुलाच्या खिशात. दर शनिवारी तो गावी येतो. नागपूरच्या टोकाला महामार्गाला लागला, की आईला फोन करतो : "निघालो." उतरताना टोल कापला जातो आणि त्याचा संदेश बापाच्या मोबाइलवर येतो, कारण खाते त्यांचेच. आयुष्यभर ताळमेळ जुळवण्यात गेलेला माणूस. एका शनिवारी त्यांनी फोनची वेळ आणि टोलची वेळ पंचांगाच्या कोऱ्या जागेत लिहिली, अंतराला काळाने भागले. सरासरी निघाली १३४. सरासरी म्हणजे मध्ये कुठेतरी दीडशेच्या पुढे गेल्याखेरीज हे येत नाही, हे त्यांना कोणी सांगायला नको होते.

ते पंचांग घेऊन माझ्याकडे आले. रागावलेले नव्हते. घाबरलेले होते. म्हणाले, "तुमचे विद्यार्थी त्याच वयाचे. त्यांना कसं सांगता?"

मी काय सांगणार? पण घाबरण्यासारखे काय होते, ते सांगतो, कारण ही गोष्ट अनेक घरांतली आहे. १ जुलै २०२३ च्या पहाटे, म्हणजे आमचा जिल्हा पंचवीस वर्षांचा झाला त्याच दिवशी, शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर एक खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसे गेली. त्यानंतर रस्त्याच्या अपघातांची पुष्कळ चर्चा झाली. नागपूरच्या व्हीएनआयटीतील अभ्यासकांनी रस्त्याच्या एकसुरीपणाकडे लक्ष वेधले : दृश्य बदलत नाही, हाताला काम नाही, तेव्हा डोळे उघडे राहतात आणि मन झोपते. ज्यांनी रात्रीच्या कीर्तनात मान ताठ ठेवून डुलकी काढली आहे, त्यांना याचा अर्थ कळेल. फरक एवढाच, की ताशी १२० च्या वेगाने गाडी एका सेकंदात ३३ मीटर जाते. डुलकी दोन सेकंदांची धरा.

त्यातून उन्हाळा विदर्भाचा. तापलेला सिमेंटचा रस्ता, मैलोगणती न थांबता धावणारी चाके, आणि हवा कमी असलेले किंवा झिजलेले टायर. टायर फुटून मोटारी उलटल्याच्या बातम्या वाचकांनी वाचल्याच असतील. कमी हवेचा टायर चालताना आपल्या बाजूंवर दुमडत राहतो आणि आतून तापतो. सावकाश जाणाऱ्या गाडीला तो फसवत नाही, वेगात फसवतो. अकोल्याला जाताना आपण टायरकडे पाहत नव्हतो, तरी चालत होते. इथे चालत नाही.

आणखी एक हिशेब. ताशी ८० ऐवजी १२० म्हणजे वेग दीडपट, पण धडकेतला जोर दीडपट नव्हे, सव्वादोनपट. तो वर्गाच्या पटीत वाढतो. हलक्या अंगाच्या मोटारीला तो सोसावा लागतो, तेव्हा काय होते, याच्या परीक्षा परदेशात झाल्या आहेत. ग्लोबल एनकॅप या संस्थेने २०१४ मध्ये हवेच्या उशा नसलेली भारतीय स्विफ्ट आपटून पाहिली आणि तिला पाचांपैकी शून्य तारे दिले. २०१८ च्या नव्या गाडीला दोन. २०२२ मध्ये अधिक कडक कसोटीवर एक. या परीक्षा ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने घेतल्या जातात, दीडशेच्या नव्हे. मे २०२४ मध्ये आलेल्या चौथ्या पिढीत सहा उशा सर्वच प्रकारांत दिल्या आहेत, ही चांगली गोष्ट झाली. पण आमच्या जिल्ह्यात धावणाऱ्या बहुसंख्य स्विफ्ट त्याआधीच्या आहेत, आणि अनेकींत एकही उशी नाही. हे मालकांना ठाऊक नसते, असे नाही. गाडी घेताना दोन-चार पर्याय असत. उशीवाला महाग, आणि त्याच पैशांत गाणी वाजवणारे यंत्र आणि चकचकीत चाके मिळत. आपण काय निवडले, ते आपल्याला माहीत आहे.

कारंजाच्या एका तरुण व्यापाऱ्याने तर रुंद टायर, खाली बसवलेल्या स्प्रिंगा आणि गर्जना करणारा सायलेन्सर लावून आपल्या स्विफ्टचे रूपच पालटले आहे. गुरुमंदिराच्या गल्लीतून तो जातो, तेव्हा लहान पोरे टाळ्या वाजवतात. गावातल्या गतिरोधकावर मात्र गाडीचे पोट घासते आणि तो दातओठ खातो. मूळ गाडी जमिनीपासून १७० मिलिमीटर उंच होती, ते कोणीतरी विचार करूनच ठेवले असावे. त्याची गोष्ट एवढ्यावरच सोडतो. त्याच्यावर रागावण्याचे वय माझे झाले आहे, म्हणूनच रागावत नाही.

शेजारच्या गृहस्थांनी पुढे काय केले, ते मात्र सांगण्यासारखे आहे. मुलगा आला, त्याला पंचांग दाखवले नाही. रविवारी सकाळी म्हणाले, पोहरादेवीला जाऊन येऊ, मंगरूळपीर-मानोऱ्यावरून. कित्येक वर्षे ते त्या गाडीत मागे बसत आले होते. त्या दिवशी पुढे बसले. मानोऱ्याकडचा रस्ता टेकाडांमधून, पळसांमधून, गावागावांतून जातो; कुठे डांबर उखडलेले, कुठे बकऱ्यांचा कळप, कुठे लमाण तांड्यावरची लग्नाची वरात. मुलाचे हात सतत कामात. चौथा, तिसरा, दुसरा, पुन्हा तिसरा. येताना बाप म्हणाला, "गाडी चांगली आहे रे. हे मला मागून कळत नव्हते." मुलगा खुलला, त्याने चाके, स्टिअरिंग, गिअरची लांबी सगळे समजावून सांगितले. मग घरी आल्यावर, जेवण झाल्यावर, पंचांग.

मुलाने आकडेमोड तपासली. एका ठिकाणी अंतर दोन किलोमीटरनी जास्त धरले होते, ते त्याने दुरुस्त केले. सरासरी १३२ वर आली. तेवढ्यावर तो हसला आणि नंतर हसला नाही. आता शनिवारच्या नोंदी चालूच आहेत. मी अधूनमधून विचारतो. दोन आकडी सरासरी बहुतेक येते. एकदा १०४ आली, तेव्हा आईने फोन केला होता की भाजी निवत आहे.

कोणी म्हणेल, की मग चपळ गाडी हवी कशाला? आमच्या स्टाफरूममध्ये या प्रश्नावर मधल्या सुट्टीत पक्ष पडतात. उंच, दणकट, पाटलाच्या वाड्यासारख्या मोटारींचा हा काळ आहे. त्या घेणाऱ्यांना स्विफ्ट आता पोरकट वाटते. तरी तिची विक्री देशात २०२४ च्या जूनपर्यंत तीस लाखांवर गेली. चार मीटरच्या आत लांबी आणि बाराशे सीसीच्या आत पेट्रोल इंजिन असलेल्या गाडीला कर कमी, हे धोरण २००६ च्या अर्थसंकल्पापासूनचे. त्याच मापात बसावे म्हणून २०१० मध्ये तिचे तेराशेचे पेट्रोल इंजिन जाऊन बाराशेचे आले होते. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून याच मापाच्या मोटारींवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर उतरला. तेव्हा परवडण्याची बाजू अजून भक्कम आहे. वळणांची बाजू मात्र दिवसेंदिवस दुबळी होत चालली आहे. पातूर-मेडशीचा तो रस्ताही आता चौपदरी महामार्ग झाला. श्रावणातला तो जुना घाट राहिला नाही. वाहतुकीला ते हवेच होते. मास्तरांना विचारले, तर म्हणतात, अकोला आता लवकर येते, आणि एवढे बोलून विषय बदलतात.

त्यांची २००७ ची गाडी २०२२ मध्ये पंधरा वर्षांची झाली. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची. पुढे तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून या नूतनीकरणाचे शुल्क सहाशेवरून पाच हजार रुपये झाले होते. वर पर्यावरणाचा कर वेगळा. घरच्यांनी मोडीत काढा म्हटले. गणिताच्या माणसाने पाच हजारांना पाच वर्षांनी भागले, त्याला बाराने भागले, आणि महिन्याचे त्र्याऐंशी रुपये काही जास्त नाहीत, असा निर्णय दिला. डिझेल स्विफ्ट एप्रिल २०२० पासून बनत नाही. प्रदूषणाचे नवे नियम आले आणि ते इंजिन गेले. सुटे भाग अजून मिळतात, थोडे हिंडावे लागते इतकेच. गेल्या महिन्यात त्यांनी अकोल्याहून नवी क्लच प्लेट आणून ठेवली आहे. जुनी अजून चालते. पण रिसोडहून लोणारकडे जाणाऱ्या रस्त्यावर काही वळणे शिल्लक आहेत, आणि दिवाळीच्या सुट्टीत मला तिकडे नेण्याचा त्यांचा बेत आहे.